थैली तिची, पैसे त्याचे

उभा जन्म फौजेत गेलेला माणूस रेशमी थैल्यांवर बोलणार म्हटल्यावर तुम्ही हसला असाल. हसा. पण जाळं विणणं मला येतं. कॅमोफ्लाजची जाळी फाटली की आम्ही ती कोळ्यांच्या गाठीने सांधायचो. तीच गाठ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मुली दिवाणखान्यात बसून रेशमाच्या दोऱ्याने मारत.

त्यातून नाण्यांची लांबट थैली तयार व्हायची. मोज्यासारखी नळी, दोन्ही टोकं बंद, मधोमध एक चीर, आणि बाहेरून दोन सरकत्या कड्या. कडी बाजूला सारायची, चिरेतून नाणं टाकायचं, ते टोकाला गेलं की कडी मागोमाग सरकवून तोंड आवळायचं. कुणी क्रोशाने विणे, कुणी सुयांवर, वर पोलादी मण्यांची नक्षी. बऱ्याच थैल्यांचं एक टोक गोल आणि दुसरं चौकोनी असे. एकात सोन्याचे सॉव्हरिन ठेवावेत, दुसऱ्यात चांदीचे शिलिंग. अंधारात नुसतं चाचपून कळावं. ही युक्ती मला फार आवडली. रात्रीच्या गस्तीला आम्हीही कुठल्या खिशात काय हे असंच ठरवून ठेवायचो. नाणं बाहेर काढायला मात्र खटपट. 'कंजुषाची थैली' हे नाव तिला पुढे चिकटलं ते काही उगाच नाही.

ही थैली बहुधा भेट म्हणून विणली जाई, बाईने पुरुषाला. थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'मध्ये (१८४७-४८) बेकी शार्प हिरव्या रेशमाची थैली विणायला घेते. जॉस सेडली हा हिंदुस्थानातला कंपनी सरकारचा कलेक्टर. त्याच्या दोन्ही हातांवर रेशमाची लड अडकवून ती समोर बसते आणि सावकाश दोरा उलगडते. गडी पुरता अडकलेला! लग्न मात्र होत नाही.

आणि झालं असतं तर? १८७० च्या कायद्यापर्यंत इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची स्वतःची मजुरीसुद्धा कायद्याने नवऱ्याची होती. बाकी मालमत्तेवरचा हक्क मिळायला १८८२ चा कायदा यावा लागला. म्हणजे थैली विणायची तिने, आत हात घालायचा त्याने.

हे वाचताना मी जरा थांबलो. लग्नानंतर पहिल्याच पोस्टिंगवर हिने मला क्रोशाचा बटवा करून दिला होता. माझ्या बदल्यांपायी शाळेतली नोकरी तिने नुकतीच सोडली होती. पगार माझा, खातं माझ्या एकट्याच्या नावावर, चेकबुक माझ्या ट्रंकेत. मी फील्डवर असताना शेजारणीकडून उसने घेऊन तिने घर चालवलं, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही शेजारणीकडूनच. जॉइंट खातं त्यानंतर उघडलं.

बटवा अजून घरात आहे. आज तुम्हाला दाखवावा म्हणून मी तो मागितला. हिने दिला नाही. म्हणाली, "त्यात माझे पैसे आहेत."