धंद्यालाही गुरू हवा



आपल्या समाजात दुकानदार, छापखानेवाले, खानावळी चालविणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. कष्टांत त्या कोणालाही हार जाणार नाहीत. परंतु जिन्नस पदरात कितीला पडला, उधारी किती बुडाली, हा हिशेब पुष्कळांच्या वहीत नसतो. तो शिकविणार कोण?

विलायतेत सरकारने २०२१ साली याकरिता एक उपक्रम काढला. गावोगावच्या विद्यापीठांतील व्यवस्थापन-शाळांनी मिळून एकच अभ्यासक्रम पत्करला. ५ ते २४९ माणसे कामास असलेल्या धंद्यांच्या चालकांना १२ आठवडे शिक्षण, शिवाय प्रत्येकास एक अनुभवी सल्लागार. खर्चाचे ९० टक्के सरकारने सोसले. चालकाने ७५० पौंड भरले. एका विद्यापीठाला न पेलणारे ओझे अनेकांनी वाटून घेतले, हे त्यातील मर्म.

मात्र पाचांहून कमी माणसांच्या दुकानाला तेथे दार बंद होते, आणि आपली बहुतेक दुकाने तशीच! त्यांची काळजी आपणच वाहिली पाहिजे. याच बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले आणि हातच्या हुन्नराला शाळा मिळाली. आज विद्यापीठ घराशेजारी आहे. न्यासाने सभागृह द्यावे, प्राध्यापकांनी आठवड्याची एक संध्याकाळ द्यावी आणि दुकानदारांनी संकोच सोडून आपली वही उघडावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.