सुरुंग आणि गुहा

गुहा म्हटले की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवते. ती लेणी माणसाने कोरली. मी आज बोलणार आहे ते पाण्याने कोरलेल्या गुहांविषयी. आपल्या देशात अशा गुहांचे मोठे भांडार मेघालयात आहे. मातीतून झिरपणारे पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीचा खडक विरघळवत जाते. पुढे तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकताना चुन्याचा सूक्ष्म थर मागे ठेवते. हजारो वर्षांत त्याचे लवणस्तंभ होतात.

चेरापुंजीजवळच्या मॉम्लूह गुहेतल्या अशाच एका स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पाऊसमान घटल्याची खूण सापडली. तिच्या आधारे २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळाले.

अडचण अशी, की हीच चुनखडी सिमेंटला लागते आणि डोंगरात रस्ता काढायचा तर सुरुंग आलाच. सुरुंगाची सगळी शक्ती खडक फोडण्यात खर्च होत नाही. तिचा काही भाग कंपने होऊन दूरवर जातो. घराच्या भिंतीला तडा गेला तर मालक तक्रार घेऊन येतो. गुहेत बोटाएवढी पोकळ चुन्याची नळी तुटली तर कोण येणार? छतात नवी चीर पडून पाण्याने वाट बदलली, तर त्या जागचा स्तंभ वाढायचाच थांबतो.

खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात कंपनांच्या मर्यादा दिल्या आहेत. सेकंदाला आठपेक्षा कमी आवर्तने असतील, तर साध्या घरापाशी जमिनीच्या हालचालीचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर आणि ऐतिहासिक किंवा नाजूक वास्तूपाशी २ मिलिमीटर चालतो. पण हे परिपत्रक खाणींसाठी आहे, आणि त्यात नैसर्गिक गुहांचा वेगळा वर्ग नाही. माझ्या मते निदान नाजूक वास्तूची मर्यादा तरी गुहेला लावावी.

उपाय अवघड नाहीत. आधी गुहेचा नकाशा करावा, कारण तोंड एकीकडे आणि दालन थेट रस्त्याखाली, असे होऊ शकते. कंपनमापक नेहमी घरांजवळ ठेवतात. तो गुहेच्या आतही ठेवावा. सुरुवात लहान सुरुंगाने करून आकडे पाहावेत. सगळी दारू एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवली, तर कंपने बरीच कमी होतात. गुहा अगदी जवळ असेल, तर सुरुंग टाळून खडक फोडण्याचे यंत्र लावावे. काम रेंगाळते, खर्चही वाढतो, हे खरे. म्हणून ही अट निविदेतच घातली पाहिजे. काम सुरू झाल्यावर ठेकेदाराला थांबवणे कठीण असते, आणि तुटलेला स्तंभ पुन्हा वाढण्याची वाट पाहायला आपल्यापैकी कोणी असणार नाही.