दमसासाचा व्यापार

ख्यालगायकाच्या शिक्षणांत दमसासाला केवढें स्थान आहे, हें मैफलीच्या श्रोत्याला सहसा कळत नाहीं. राग, बंदिश, घराणें यांची चर्चा दिवाणखान्यांतही रंगते. श्वासाची चर्चा मात्र गुरूच्या पुढें बसलेल्या शिष्यापुरतीच राहते. आवर्तन भरावयाचें तें मध्येंच न तुटतां, आणि समेवर यावयाचें तें धापा न टाकतां. पहाटे उठून खर्जाची मेहनत करावयाची ती बहुतांशीं यासाठींच. भेंडीबाजार घराण्याची ख्याति तर लांब दमसासाबद्दलच झाली. असा कमावलेला श्वास घेऊन कोणी लोकप्रिय संगीताच्या बाजारांत उतरला, तर त्या विद्येचें पुढें काय होतें, हा प्रश्न शंकर महादेवन यांच्या उदाहरणांत जितका उघडपणें दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

महादेवन यांचा जन्म १९६७ सालीं मुंबईंत एका तामिळ कुटुंबांत झाला आणि बालपण चेंबूरला गेलें. पांचव्या वर्षापासून त्यांच्या हातीं वीणा आली. पुढें टी. आर. बालमणि यांच्याकडे कर्नाटक गायनाची तालीम झाली, आणि श्रीनिवास खळे यांच्याकडेही शिक्षण झालें. खळ्यांचीं गीतें ऐकावयास सोपीं, पण म्हणावयास बसलें म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारीं; त्यांच्यापाशीं शिकलेल्याला शब्दाचें वजन सुरापेक्षां कमी लेखतां येत नाहीं. दक्षिणेचें गमक आणि महाराष्ट्राचें भावगीत असे दोन प्रवाह या एका कंठांत एकत्र आले. संगणकशास्त्राची पदवी घेऊन महादेवन यांनीं कांहीं काळ नोकरीही केली, आणि ती सोडून गाण्याचाच धंदा पत्करला. त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें मैफलीच्या बैठकीवर नव्हे, तर १९९८ सालीं बाजारांत आलेल्या ‘ब्रेथलेस’ या गीतसंग्रहामुळें.

त्यांतील त्याच नांवाच्या गीताची रचना जावेद अख्तर यांची, चाल खुद्द महादेवन यांची. गीताची कल्पना एकच : शब्दांची सांखळी सुरू झाली कीं ती शेवटपर्यंत तुटावयाची नाहीं, आणि गायक कोठेंही श्वास घेतांना ऐकूं यावयाचा नाहीं. दूरचित्रवाणीवरून तें गीत घरोघर पोहोंचलें. शाळेंतील मुलें तें पाठ करून धांपा टाकीत म्हणूं लागलीं, आणि वडील माणसें ‘हें गाणें कीं कसरत?’ असें विचारूं लागलीं.

हा प्रश्न अगदींच अरसिक म्हणतां येणार नाहीं. माणसाच्या छातीचा हिशेब ठरलेला आहे. कसलेला गायकही एका श्वासांत फार तर अर्धें-पाऊण मिनिट गाऊं शकेल. सलग तीन मिनिटें कोणाच्यानेंही गाववणार नाहीं. तेव्हां हें गीत अखंड ऐकूं येतें तें ध्वनिमुद्रणाच्या सोयीमुळें. तुकडे वेगळे गाऊन घ्यावयाचे, श्वासाचा आवाज असेल तेथें तो कापावयाचा आणि सांधा ऐकूं येणार नाहीं अशा बेतानें जोड द्यावयाचा, ही आजच्या ध्वनिमुद्रणगृहांतील नित्याची कामगिरी आहे. जुन्या ग्रामोफोनला ही सोय नव्हती. खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांत रागाचा संक्षेप असे. पण तीं तीन मिनिटें गायकाचीं स्वतःचीं असत, त्यांतला श्वासही त्याचाच असे. यंत्रानें पूर्वीं गायकाकडून वेळ हिरावून घेतला होता. आतां तें त्याला, त्याच्याजवळ नसलेला दमही पुरवूं लागलें.

म्हणून या गीताला लबाडी म्हणावयाचें काय? तसें म्हणणाऱ्यांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. श्वास कापून टाकला म्हणून बेसूर गळा सुरेल होत नाहीं. इतक्या वेगानें धांवणाऱ्या शब्दपंक्तींत प्रत्येक अक्षर आपापल्या स्वरावर नेमकें पडतें, उच्चार चेपला जात नाहीं, लयीचा तोल ढळत नाहीं. हें यंत्राचें काम नसून वीणेवर आणि कर्नाटक स्वरावलींवर घालविलेल्या वर्षांचें आहे. शिवाय महादेवन यांनीं हें गीत पुढें रंगमंचावर, हजारों श्रोत्यांपुढें गाइलें आहे. तेथें कापाकापी चालत नाहीं. श्वास शब्दांच्या फटींतून चोरूनच घ्यावा लागतो. आणि श्वास चोरणें ही तर गवयांची जुनीच कला आहे.

तरीही जें हरवलें तें हरवलेंच. ख्यालांत लांब दम हा साधन असतो. त्याच्या बळावर गायक एका स्वरावर थांबूं शकतो. या गीतांत दम हेंच साध्य झालें, आणि थांबणें मात्र वर्ज्य ठरलें. ज्या शक्तीनें विसावा मिळावयाचा, तीच धांवण्याकडे खर्ची पडली. लोकप्रिय संगीताशीं शास्त्रोक्त गायकाचा जो व्यवहार होतो, त्यांतील खरी किंमत ही आहे. पैशाची गोष्ट त्यापुढें किरकोळ.

अर्थात् हा व्यवहार नवा नाहीं. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देत होते, आणि १९३९ च्या ‘माणूस’चीं गाणीं घराघरांत म्हटलीं जात होतीं. महादेवन यांनीं एहसान नूरानी आणि लॉय मेंडोन्सा यांच्याबरोबर हीच वाट पुढें नेली. गिटार, पाश्चात्य पियानोची तालीम आणि कर्नाटक गळा अशी ही तिघांची जोड आहे. २००१ च्या ‘दिल चाहता है’नें तिला मोठें यश दिलें. चित्रपटगीतांविषयीं येथें अधिक सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तीं सर्वांच्या कानांवर आहेत.

अधिक महत्त्वाचें तें हें कीं, बाजारांत गेलेला हा गळा परत येण्याची वाट विसरला नाहीं. २०१५ सालीं ‘कट्यार काळजांत घुसली’ चित्रपटरूपानें आलें, तेव्हां पंडितजींची भूमिका महादेवन यांनीं स्वतः केली आणि संगीतही या त्रयीनेंच दिलें. मूळ नाटक १९६७ चें, म्हणजे महादेवन यांच्याच वयाचें. जितेंद्र अभिषेकींच्या चालींना आणि वसंतराव देशपांडे यांच्या खांसाहेबाला ज्यांनीं मनांत जपलें होतें, अशा मराठी घरांपुढें नव्या चाली ठेवणें हें धाडसच होतें. खांसाहेबाचें गाणें वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीं म्हटलें. अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांना याच चित्रपटांतील गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्यानें पॉप संगीतांत नांव मिळविलें, त्याच्याच हातून नाट्यसंगीत तरुण श्रोत्यांपर्यंत पुन्हां गेलें, आणि जुन्या जाणकारांनींही फारशी कुरकूर न करतां तें ऐकून घेतलें.

जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ति’ या वाद्यवृंदांतही महादेवन अनेक वर्षें गात आले. या वृंदाच्या ‘धिस मोमेंट’ या संग्रहाला फेब्रुवारी २०२४ मध्यें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत झाकीर हुसेन निवर्तले. ‘शक्ति’च्या मैफलींत चित्रपटगीताप्रमाणें घड्याळाची घाई नसे. तबला थांबलेला असे, गिटार हलकेंच षड्ज धरून असे, आणि महादेवन आलाप करीत. तेथें दोन स्वरवाक्यांच्या मध्यें त्यांना सावकाश श्वास घेतां येई.