मामंजींची वही



आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनी आमच्या दिवंगत सासऱ्यांविषयी दोन शब्द बोलण्याची संधी आम्हा तिघी सुनांना दिलीत, याबद्दल आम्ही आभारी आहोत.

मामंजींनी आम्हांला लेकींप्रमाणे वागविले. लंडनच्या घरीही इलियाहू हन्नाबीच्या मलिद्याचे पोहे ते स्वतः भिजवीत, खोबरे स्वतः खवीत.

त्यांना एकच काळजी होती. इथल्या कागदपत्रांत कोणी वडिलांचे नाव आडनाव म्हणून लावले, कोणी गावाचे. त्यामुळे सख्ख्या भावांच्या मुलांची आडनावे वेगळी झाली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहीमकर. ही खूण गेली तर पुढे नाते कोण ओळखणार? म्हणून त्यांनी एका वहीत प्रत्येक घराचे गाव, आईवडील, जन्म व मृत्यू लिहून ठेवले. आम्हा सुनांची माहेरेसुद्धा त्यात आहेत.

हाईम सॅम्युएल केहीमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला, त्यांच्या मृत्यूनंतर. लिहून ठेवला म्हणूनच तो आपल्याला मिळाला, असे मामंजी सांगत.

वही मराठीत आहे. नातवंडांना ती वाचता येत नाही. आम्ही तिची इंग्रजी प्रत करीत आहोत. आपणही घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गाव व नावे लिहून ठेवावीत, ही नम्र विनंती.

परमेश्वर मामंजींच्या आत्म्यास शांती देवो. आमेन.