आंब्याची मातृपरंपरा

(धर्मापुरी, जि. बीड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



येथील केदारेश्वर मंदिराची शिल्पे जपली पाहिजेत, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. बांधावरच्या गावरान आंब्यातील वारसा मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यावर कुऱ्हाड चालविताना हात थबकत नाही. त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

साखऱ्या आंब्याची कोय लावावी आणि फळ आंबट निघावे, हा आपला अनुभव. पेशीच्या केंद्रकातील जनुके आई-बाप दोघांकडून येतात, आणि माशीने पराग कोणत्या झाडावरून आणला हे कोण सांगणार? परंतु केंद्रकाबाहेरही काही जनुके असतात. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांतील ही जनुके सपुष्प वनस्पतींत बहुधा केवळ आईकडून येतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने नीलम व दशहरी यांच्या संकरातून दोन जाती काढल्या. ‘मल्लिका’ची आई नीलम, बाप दशहरी, ‘आम्रपाली’त हे नाते उलट. केंद्रकाच्या दृष्टीने या सख्ख्या बहिणी, तंतुकणिकांच्या हिशेबी मात्र घराणी दोन.

वनस्पतींत या जनुकांचा मजकूर फार सावकाश बदलतो, मांडणी मात्र उलटसुलट होत राहते. माणसाच्या तंतुकणिकेत हा मजकूर १६,५६९ अक्षरांचा, तर सफरचंदाच्या तंतुकणिकेत सुमारे चार लाख अक्षरांचा आहे.

मातृपरंपरा एकच उरली तर काय होते? १९७० साली अमेरिकेतील बहुतेक संकरित मक्याची मातृपरंपरा एकच होती. वाणांची नावे अनेक होती, पण तंतुकणिकेतील एका जनुकामुळे ते सारे करप्याला बळी पडले व सुमारे १५ टक्के पीक बुडाले.

आपल्याकडे आता केशरच्या बागा आहेत. जुनागढच्या या आंब्याला १९३४ मध्ये हे नाव मिळाले. केशरविषयी माझी तक्रार नाही. पण त्याचे कलम गावरान कोयीच्या खुंटावर बांधतात. सांध्याच्या वर केशरचा वंश, खाली गावरान आईचा. आणि खालचा कधी मोहरत नाही, त्याची कोय पुढे जात नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. तीत नुसते ‘आंबा’ लिहून भागणार नाही. गट क्रमांक, झाडाचे घरगुती नाव, मोहराचा काळ आणि मुख्य म्हणजे कोय कोठून आणली, हे लिहावे. शिक्षकांनी मुलांना आजीकडे पाठवावे. कधी कधी ती कोय एखाद्या सुनेने माहेराहून आणलेली असते.

झाड तोडणे अटळच असेल, तर आधी काडी घ्यावी. कोय लावल्याने मातृपरंपरा राहील, गोडी राहीलच असे नाही. काडीने दोन्ही राहतात. कलमापूर्वी आठ-दहा दिवस काडीची पाने देठ ठेवून छाटावीत, म्हणजे डोळे फुगतात. मृदुकाष्ठ कलम पावसाळ्यात चांगले जमते.