झबले वर करा, श्वास मोजा

श्रोतेहो, मी बालरोगतज्ज्ञ आहे. गेली तीस-पस्तीस वर्षे मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतो आहे. पण आज जे सांगणार आहे, ते समजायला स्टेथोस्कोप लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ लागते आणि एक मिनिट स्वस्थ बसण्याची तयारी लागते.

१९९१ चा श्रावण. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी नुकताच रुजू झालो होतो. रात्री नवाच्या सुमारास एक म्हातारी नऊ महिन्यांच्या नातीला पदराखाली घेऊन आली. ‘‘डॉक्टरसाहेब, पोट उडून राह्यलं जी लेकराचं. डब्बा झाला म्हनतेत.’’ मी झबले वर केले. पोट भात्यासारखे हलत होते. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. ओठ निळसर. मिनिटाला बहात्तर श्वास. हा गंभीर न्यूमोनिया होता.

इंजेक्शन दिले, ऑक्सिजनची नळी लावली. तासाभराने ओठांचा रंग पालटला. पोरीने आजीचे बोट धरले. ‘‘माय, आता जरा पड,’’ असे म्हातारीला सांगून मी दुसऱ्या रुग्णाकडे गेलो. पहाटे तीनला सिलिंडर संपला. भरलेला दुसरा सिलिंडर होता, पण स्टोअरला कुलूप होते आणि किल्ली घेऊन कारकून गावी गेला होता. आम्ही कुलूप फोडले. त्यात वीस मिनिटे गेली. पोर हाती लागली नाही.

‘‘व्हेंटिलेटर असता तर वाचली असती,’’ असे वरिष्ठ म्हणाले. पुष्कळ वर्षे मीही तेच समजत होतो. त्यात सोय होती. दोष नसलेल्या यंत्राला देता येत होता. सिलिंडरचा काटा किती खाली आला आहे, हे मी रात्री पाहिले नव्हते, हे मग आठवावे लागत नव्हते.

न्यूमोनियात फुफ्फुसातले इवलेसे वायुकोश पू आणि पाण्याने भरतात. रक्ताला प्राणवायू मिळेना की मूल जोरजोरात श्वास घेऊ लागते. मोठ्या माणसापेक्षा बाळ लवकर दमते, आणि दमले की श्वास मंदावतो. जंतूंवर औषध लागू पडायला दिवस-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ मुलाला तगवून धरणे, हेच अतिदक्षता विभागाचे काम. आजही जगात पाच वर्षांखालील सुमारे सात लाख मुले दरवर्षी न्यूमोनियाने दगावतात. बहुतेक गरीब देशांत, आणि बरीचशी अशा ठिकाणी, जिथे हा तगवून धरणारा कोणी नसतो.

तो कसा निर्माण करता येतो, याचे पहिले उदाहरण आपल्या घरचे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांतल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला आणि साध्या प्रतिजैविकाने बरा करायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर हा उपक्रम नसलेल्या गावांत १३.५ टक्के.

काही मुले मात्र उशिरा पोचतात किंवा आजारच जोरदार असतो. त्यांना ऑक्सिजन हवा. पापुआ न्यू गिनी या डोंगराळ देशातल्या पाच रुग्णालयांत बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी कॉन्सन्ट्रेटर यंत्रे दिली गेली. सोबत ती वापरण्याचे व दुरुस्तीचे शिक्षणही दिले. न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांतले मृत्यू ४.९७ टक्क्यांवरून ३.२२ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००८ सालचा.

आता ढाक्याची गोष्ट. डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती १९९६ मध्ये सिल्हेटच्या रुग्णालयात नवे डॉक्टर होते. बालविभागातल्या पहिल्याच रात्री त्यांच्यासमोर न्यूमोनियाची तीन मुले गेली. पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला त्यांनी ‘बबल सीपॅप’ पाहिले. मुलाने सोडलेला श्वास नळीतून पाण्यात जातो आणि बुडबुडे निघतात. नळी पाण्यात जितकी खोल, तितका जास्त दाब फुफ्फुसात टिकून राहतो आणि वायुकोश मिटत नाहीत. ढाक्यात परतल्यावर त्यांनी हेच शांपूची रिकामी बाटली आणि साध्या नळ्या वापरून केले.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या चाचणीचे निकाल आले. बुडबुड्यांच्या पद्धतीवर ठेवलेल्या ७९ मुलांपैकी ३ दगावली. नेहमीच्या मंद ऑक्सिजनवरच्या ६७ पैकी १० गेली. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

इथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण आफ्रिकेतल्या मलावीत एका जिल्हा रुग्णालयात हीच पद्धत वापरली गेली, तेव्हा उलटे घडले. २०१९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात बबल सीपॅपवरची १७ टक्के मुले दगावली, आणि साध्या ऑक्सिजनवरची ११ टक्के. तिथली मुले अधिक अशक्त होती, अनेक कुपोषित होती. ती अतिदक्षता विभागात नव्हे, साध्या वॉर्डात होती, आणि तिथे डॉक्टरची रोजची देखरेख नव्हती. ढाक्यात ती होती. पुढे इथिओपियात डॉक्टर-परिचारिकांना नीट शिकवून, त्यांची देखरेख ठेवून हे केले, तेव्हा २०२४ मध्ये पुन्हा चांगले निकाल आले.

श्रोतेहो, मला वाटते यात सगळे आले. बाटली तीच, नळी तीच, बुडबुडेही तेच. नळी निसटली का, पोट फुगले का, श्वास मंदावला का, हे पाहणारे डोळे शेजारी आहेत की नाहीत, यावर मुलाचे जगणे ठरते. २०२१ च्या कोविड लाटेनंतर आपल्याकडे कितीतरी रुग्णालयांत ऑक्सिजनचे प्रकल्प उभे राहिले. फार चांगले झाले. पण रात्री तीन वाजता तो चालवणारा माणूस कोण, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार, हेही आपण गावकरी म्हणून विचारले पाहिजे. उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते, काटा मात्र रोज पाहावा लागतो.

आणि घरी आपण काय करायचे? बाळाला न्यूमोकोकल आणि पेंटाव्हॅलंट लस वेळेवर द्या. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. खोकला झाला, की बाळ शांत असताना किंवा झोपेत झबले वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास झाले, तर डॉक्टर गाठा. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, गुंगीत असेल, ओठ निळे दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. पोटावर डागू नका. आणि कोविडच्या वेळी घरात घेतलेले मोठ्यांचे ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला लावून निर्धास्त होऊ नका. इवल्या बोटावर ते चुकीचा आकडा दाखवू शकते.

त्या रात्रीनंतर मी जिथे जिथे काम केले, तिथे स्टोअरची दुसरी किल्ली वॉर्डातल्या सिस्टरच्या टेबलात ठेवायला लावली. एवढेच करायला हवे होते. ते आधी सुचले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)