जुगाराचे दुखणे : आधी मोजा, मग इलाज करा



कर्जाविषयी आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आज कर्जाच्या अशा एका वाटेविषयी बोलू, जिचे नाव गावात चारचौघांत कोणी घेत नाही. ती वाट म्हणजे जुगार.

मटका तर आपल्या कापसाच्याच पोटी जन्मला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, यावर मुंबईत पैजा लागत. 1961च्या सुमारास ते भाव येणे थांबले. मग चिठ्ठ्या टाकून आकडे काढू लागले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. पुढे जुगार मोबाइलमध्ये शिरला. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायद्याने दुकान बंद होईल, पण लागलेला नाद कायद्याने सुटत नाही.

नाद किती खोल आहे, हे हरलेल्या रकमेवरून ठरवू नका. एखादा बागायतदार लाख हरून थांबतो. एखादा कोरडवाहू भाऊ दोनशे रुपयांसाठी घरातले बियाणे विकतो. आजारी दुसरा आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली यासाठी नऊ खुणा ठरवल्या. गेल्या बारा महिन्यांत यातल्या किती दिसल्या, ते मोजा :

1. डाव दिवसेंदिवस मोठा होतो.
2. खेळ बंद केला की चिडचिड होते.
3. सोडायचे ठरवूनही सुटत नाही.
4. डोक्यात सतत तेच असते.
5. मन खचले की खेळायला जातो.
6. हरलेले भरून काढायला पुन्हा खेळतो.
7. खोटे बोलतो.
8. कामधंदा, शिक्षण किंवा संसार पणाला लागतो.
9. अडचण भागवायला दुसऱ्यापुढे हात पसरतो.

चार-पाच खुणा म्हणजे सौम्य, सहा-सात मध्यम, आठ-नऊ तीव्र. पक्के निदान मात्र डॉक्टरच करतील.

इलाजही मापाप्रमाणे. सौम्य असेल तर समुपदेशन आणि पैशाचा व्यवहार काही काळ घरच्यांच्या हाती, एवढ्याने बऱ्याचदा भागते. मध्यम असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नियमित बसावे लागते. 'इतक्यांदा हरलो, आता लागणारच' हा समज तिथे उलगडून दाखवतात; कालचा आकडा आजच्या आकड्याला काही सांगत नसतो. तीव्र असेल तर सोबत दारू आहे का, उदासी आहे का, हे तपासून त्यावर औषध, प्रसंगी दवाखान्यात भरती. खास जुगारासाठी मंजूर झालेली गोळी नाही; नाल्ट्रेक्सोनसारखे औषध काही रुग्णांना डॉक्टर देतात.

खुणा कितीही असोत, माणूस मरणाची भाषा बोलू लागला तर मोजत बसू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस, फुकट चालतो. मराठीतही बोलता येते.

मायबहिणींनो, दागिने मोडून त्याच्या हाती रोकड देऊ नका. त्यातून पुढचा डाव लागतो. देणे ज्याचे त्याला, हप्त्याने, तुम्हीच द्या.

शपथा, अंगारे आणि मारहाण यांनी हा आजार लपतो, बरा होत नाही. परत जाल तेव्हा या नऊ खुणा गावात वाचून दाखवा. ज्याच्या घरी हे दुखणे आहे, त्याच्याबरोबर जिल्हा रुग्णालयापर्यंत आपल्यातला एक जण जाईल, एवढे आज ठरवू.